शुगर निघाली, आता रम की व्हिस्की?

"शुगर निघालीय, रम बंद करून व्हिस्कीवर येऊ का?" कोल्हापुरात हा प्रश्न हमखास कानावर येतो. रम मळीची, मळी साखर कारखान्याची, म्हणजे रममध्ये साखर असणारच, असा त्यामागचा हिशेब. ऊसपट्ट्यातल्या माणसाला तो लगेच पटतो, पण तो चुकीचा आहे.

मळीत साधारण निम्मी साखर असते. त्यातली बहुतेक यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल होतं. उरलेली ऊर्ध्वपातनात खालीच राहते, कारण साखरेची वाफ होत नाही. समुद्र खारट असला तरी पाऊस खारट पडत नाही, तसंच हे. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीही मळीच्याच स्पिरिटच्या असतात. तेव्हा कशापासून बनली यावर निवड करू नका.

नंतर काय घातलं, ते बघा. स्कॉचमध्ये रंगासाठी साधा कॅरॅमल चालतो, गोडी घालता येत नाही. लंडन जिनमध्ये लिटरला 0.1 ग्रॅमपर्यंतच साखर चालते. रमला मात्र युरोपातही लिटरला 20 ग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे तिथे 60 मिलीच्या पेगमागे जास्तीत जास्त 1.2 ग्रॅम, पाव चमचा साखर. लिक्युअरचं गणितच वेगळं: तिथल्या नियमानुसार बहुतेकांत लिटरला किमान 100 ग्रॅम. ते सोडाच.

आपल्या बाटलीवर साखरेचा आकडा छापलेला नसतो, पण घरी अंदाज घेता येतो. पांढऱ्या बशीत चमचाभर रम ओतून रात्रभर उघडी ठेवा, गॅसपासून लांब. सकाळी बोटाला चिकट पाकासारखा थर लागला तर गोडी घातलेली आहे. नुसता तपकिरी डाग राहिला तर बहुधा रंगच.

खरी साखर ग्लासात वरून पडते. 200 मिली कोलात 20 ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे चार-पाच चमचे. त्यामुळे पाण्यातली रम कोलातल्या व्हिस्कीपेक्षा साखरेच्या बाबतीत कितीतरी बरी. कॅलरीत मात्र नुसती रम आणि नुसती व्हिस्की सारख्याच: 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या 60 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 140, त्या अल्कोहोलच्या.

आणि साखरेपेक्षा मला जास्त काळजी गोळीची वाटते. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रम असो वा व्हिस्की, धोका तोच. लिव्हर अल्कोहोल निस्तरण्यात गुंततं, रक्तात साखर सोडायचं कमी करतं आणि उपाशीपोटी शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, कधी कधी तर झोपेत. म्हणून घ्यायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी परवानगी दिली, तरी भाकरी-भात खाऊनच बसा आणि सोबतच्या एकाला तरी आपल्या गोळ्यांचं सांगून ठेवा. शुगर उतरल्यावर येणारा घाम, बडबड, तोल जाणं हे सगळं नशेसारखंच दिसतं, आणि लोक "जास्त झालीय, झोपू दे" म्हणून सोडून देतात.