कोलेस्टेरॉलसाठी फोनवरचं समुपदेशन: आठ महिने, नऊ फोन

पहिला फोन आला तो मी विमा विकणाऱ्यांचा समजून कट केला. दुसऱ्यांदा आला तेव्हा आठवलं, दवाखान्यात एका फॉर्मवर सही केली होती. पायाच्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या झालेल्या पेशंटसाठी कोलेस्टेरॉलचं समुपदेशन, तेही फोनवर. मनात म्हटलं, झालं, आता ही बाई मला तळलेलं खाऊ नका म्हणून सांगणार.

आधी माझी गोष्ट थोडक्यात. वय ५८. चालताना डाव्या पोटरीत गोळा यायचा, दोन-तीन मिनिटं थांबलं की जायचा, पुन्हा चाललं की पुन्हा यायचा. वर्षभर मी वयाला दोष देत बसले. मग घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात ती तपासणी झाली. ०.९० किंवा त्याखाली आलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा धरतात. माझं ०.७२. अटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू झालं, म्हणजे स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. सहा महिन्यांनी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १२८, आणि मी निवांत, कारण 'गोळी चालू आहे ना'.

पहिल्याच फोनवर समुपदेशकाने विचारलं, "काकू, तुमचा एलडीएल किती आहे?" (काकू! ती स्वतः चाळिशीची तरी असेल. पण आवाज बरा होता, सोडून दिलं.) मला माहीत नव्हता. फाइल आणली, वाचला. "आणि तो किती असायला हवा?" तेही माहीत नव्हतं. मला वाटायचं तो आकडा डॉक्टरांचा असतो, आपण फक्त रक्त द्यायचं.

तिने सांगितलं ते असं. पायाच्या धमन्यांत चरबीचा थर बसलाय म्हणजे तोच थर हृदयाच्या आणि मेंदूच्या वाटेवरही बसत असण्याची शक्यता मोठी. म्हणून पाय दुखणारा पेशंट 'अतिजोखमीच्या' गटात धरला जातो. युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या गटासाठी एलडीएल ५५ च्या खाली आणि सुरुवातीच्या निम्म्याहून कमी, असं ध्येय दिलंय. माझ्या रिपोर्टवर मात्र १०० च्या आतला आकडा नॉर्मल म्हणून छापलेला होता. तो निरोगी माणसासाठी. हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं.

मग तिने एक साधं काम दिलं. नवीन पट्टी उघडाल त्या दिवशी तिच्या पाठीवर पेनाने तारीख घाला. पट्टी पंधरा गोळ्यांची. पंधरा दिवसांनी दुसरा फोन. "पट्टी हातात घ्या आणि किती उरल्यात ते मोजा." मी मोजल्या. सहा. रिकामी व्हायला हवी होती. मी फोनवर गप्प. तीही गप्प, आणि त्या गप्प बसण्याबद्दल मी तिला पूर्ण गुण देते, कारण दुसऱ्या कोणी भाषण झोडलं असतं. थोड्या वेळाने म्हणाली, "कुठल्या वेळी राहते?" रात्रीची. झोप लागते, विसरते. तिने सांगितलं की अटोरव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे ते सकाळी घेतलं तरी चालतं. रात्रीच घ्यायचा आग्रह काही जुन्या, लवकर ओसरणाऱ्या स्टॅटिनसाठी असतो. फक्त वेळ बदलायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. घातलं. तेव्हापासून गोळी टूथब्रशच्या मगाशेजारी.

डॉक्टरांसमोर मी कधीच म्हटलं नसतं की पंधरातल्या सहा राहिल्या. तिथे विचारतात, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" आणि त्या 'ना' ला 'हो' शिवाय उत्तर नसतं. फोनवर समोर चेहरा नसतो, हातात पट्टी असते.

पुढच्या तपासणीचा आकडा विचारला तेव्हा मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "२४!" पलीकडे शांतता. "काकू, वरची ओळ वाचा जरा." मी व्हीएलडीएल वाचला होता, तो वेगळ्याच कोलेस्टेरॉलचा आकडा. एलडीएल होता ९६. मग तिने माझ्याकडूनच गणित करून घेतलं: एकूण कोलेस्टेरॉल १६६, त्यातून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ४६ वजा, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १२० भागिले ५ म्हणजे २४ वजा, उरले ९६. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, असा हिशेबाने काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र लागू पडत नाही. आता रिपोर्ट आला की मी आधी वजाबाकी करते. नवरा म्हणतो, दुकानदाराचं बिल तपासल्यासारखी बघतेस.

१२८ वरून ९६ हे बहुतेक गोळ्या न चुकवल्याचं फळ. पण ९६ म्हणजे ५५ नव्हे. इथे मला वाटलं ती गोळी वाढवून देईल. ती औषध देत नाही, बदलत नाही. त्याऐवजी म्हणाली, "डॉक्टरांना काय विचाराल, ते मला विचारून दाखवा." मी फोनवर अडखळत बोलले, तिने दोनदा म्हणून घेतलं, शेवटी कागदावर लिहिलं: माझा एलडीएल ९६ आहे, पायाच्या आजारात तो ५५ खाली हवा असं कळलं, आणखी काय करता येईल? दवाखान्यात तो कागद पर्समध्ये चुरगळला, पण प्रश्न तोंडपाठ होता. डॉक्टरांनी फाइल मागे उलटली आणि म्हणाले, "हो, वाढवायला हवं होतं." डोस ४० झाला.

नंतर वाचलं की ऑस्ट्रेलियात 'कोच' नावाच्या कार्यक्रमाची याच धर्तीवर चाचणी झाली होती. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. ७९२ हृदयरुग्ण, सहा महिने फोनवरून पाठपुरावा, एकूण कोलेस्टेरॉलमधली घट २१, आणि नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ७. तिथेही फोन करणारे औषध लिहून देत नव्हते, पेशंटला त्याचा आकडा आणि ध्येय सांगून डॉक्टरांकडे पाठवत होते.

डोस दुप्पट केला की एलडीएल निम्मा होईल अशी माझी समजूत. दुप्पट डोसने साधारण सहा टक्केच आणखी उतरतो, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ९० पाहून मी खचले नाही. पण मांड्या दुखायला लागल्या. शेजारच्या बाईंनी 'स्टॅटिनने स्नायू जातात' हे ऐकवलंच होतं. चौथ्या फोनवर मी जाहीर केलं की गोळी बंद. तिने विचारलं, चालताना दुखतं की बसल्यावरही? एका पायात की दोन्ही? बसल्यावरही, दोन्ही. "मनाने बंद करू नका, आजच डॉक्टरांना कळवा." स्नायूंना इजा झाली आहे का ते पाहणारी सीके नावाची रक्ततपासणी झाली, नॉर्मल आली, दुखणं तीन आठवड्यांत विरलं. २०२० मध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, काही महिने काहीच नाही. त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग खोट्या गोळीनेही झाला. माझं दुखणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण शेजारच्या बाईंचा त्यात वाटा होता.

आता तक्रारी. पाचव्या फोननंतर माणूस बदलला. नवा मुलगा समोरचा कागद वाचत होता, धूम्रपान करता का हे त्याने एका फोनमध्ये दोनदा विचारलं. माझी सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागली. एकदा मी बसमध्ये असताना फोन आला आणि 'गोळ्या चुकल्या का' याचं उत्तर मला अख्ख्या बससमोर द्यायचं होतं. वेळ ठरवून फोन करा म्हटल्यावर पुढे केले, पण ते मला सांगावं लागलं. आहाराचा भाग गुळगुळीत. लोणी-साय कमी, तंतुमय वाढवा, हे कुणीही सांगेल. आणि ऐकू कमी येणाऱ्यांना याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही.

पोटरीचं म्हणाल तर ती कोलेस्टेरॉल उतरल्याने सुधारली असं मी लिहिणार नाही. ती चालण्याने सुधारली. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. तीन महिने लागले.

मध्यंतरी एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसरं औषध जोडलं. ताजा एलडीएल ६७. ५५ अजून लांब आहे. दहावा फोन पुढच्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला. पट्टीवर तारीख आहे, गोळ्या मोजून ठेवल्यात, आणि या वेळचा प्रश्न मी तिच्या मदतीशिवाय लिहिलाय.