भिशीतले बावन्न हजार सातशे

सोलापुरात पाण्याच्या दिवशी नळ कुणी मोकळा सोडत नाही. आमच्याकडं चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी पाणी येतं. मग ते रात्री दोनला येवो नाहीतर पहाटे पाचला, घरटी एक माणूस जागं असतं. पिंप भरतात, बादल्या भरतात, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरून ठेवतात. २०२४ च्या फेब्रुवारीत, गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, उठल्यावर थोड्याच दिवसांत, एका पहाटे पाणी आलं आणि आमची भिशी चालवणाऱ्या बाईच्या दारातलं पिंप भरून वाहायला लागलं. पायरी भिजली, पाणी गटारीकडं चाललं, तरी आतून कुणी येईना. समोरची म्हणाली, "डोळा लागला असेल." मी कडी वाजवायला गेले तर बाहेरून कुलूप.

मी तोटी फिरवून नळ बंद केला आणि घरी आले. माझ्या डाळीच्या डब्यात त्या महिन्याचा भिशीचा हप्ता मोजून ठेवलेला होता. तेवढा तरी वाचला, हे मला दोन दिवसांनी कळलं.

मी पूर्व भागात राहते, अशोक चौकापासून चालत जाण्याइतकं घर. यजमान टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे मागांवर देखरेख करतात. मी घरी कडक भाकरी करून विकते. ज्वारीची, बाजरीची. पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, मग शेगडीच्या कडेला उभी करून सुकवायची. मोडली की वाजली पाहिजे. भोगीच्या आधी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीला इतकी मागणी असते की रात्री मनगटं शेकत बसावं लागतं. या धंद्यातला पैसा सुटा येतो, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, आणि सुटाच जातो. म्हणून भिशी. बँकेत ठेवलेला पैसा घरात सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यांना त्याची गरज पडते. भिशीत टाकलेला पैसा वीस महिने कुणी मागू शकत नाही, नवराही नाही आणि मुलगाही नाही. भिशी बुडाल्यावर "एवढी हाव कशाला" असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. हाव नव्हती. लपवायला जागा हवी होती.

तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. तिनं आधी तीन वर्षं पाचशे रुपयांची भिशी चालवली. बारा बायका, लहान पोराच्या हातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला त्याच संध्याकाळी सहा हजार. एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही. आज मला वाटतं, ती तीन वर्षं म्हणजे पेरणी होती. यजमान म्हणतात, तसं नसेल, सुरुवातीला ती सरळच असेल, नंतर कुठंतरी अडकली असेल. असेल. माझ्या हिशोबात त्यानं फरक पडत नाही.

२०२३ च्या संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं, वाण म्हणून स्टीलचे डबे दिले आणि तिथंच मोठी भिशी जाहीर केली. लिलाव भिशी. वीस नावं, पाच हजार, वीस महिने. दर महिन्याला एक लाख जमणार. जिला नड आहे तिनं बोली लावायची, की मी पंचवीस हजार सोडून घेते. जी जास्त सोडेल तिचा हात, म्हणजे त्या महिन्याची रक्कम घ्यायची पाळी तिची. तिला पंचाहत्तर मिळतात, सोडलेले पंचवीस वीस नावांत वाटले जातात, म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकीला साडेबाराशे कमी. पाचऐवजी पावणेचार हजार भरायचे. जी शेवटपर्यंत थांबेल तिला जवळजवळ पूर्ण लाख. पहिला हात चालवणारीचा, काही न सोडता. ही रीत सगळीकडंच असते म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

वीस नावांत गल्लीतली आम्ही बारा. एक ती. उरलेली सात "बाहेरची": कुणी पुण्याची नणंद, कुणी बार्शीची मावसबहीण, कुणी पंढरपूरची बाई. त्या कधी आल्या नाहीत. त्यांची बोली फोनवर व्हायची. दहा तारखेला आम्ही तिच्या ओसरीत बसलेलो असताना ती फोन कानाला लावून म्हणायची, "किती, तीस? अगं बघ हां, परत विचार कर." मग आमच्याकडं वळून, "तीस सोडतीय बिचारी. नड दिसतीय." आम्ही त्या न पाहिलेल्या बाईला बिचारी म्हणत घरी यायचो आणि वाचलेल्या दीड हजारात काय आणायचं ते ठरवायचो.

दुसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत सगळे सहा हात असे बाहेर गेले. सुरुवातीलाच एवढे पैसे सोडून कोण घेईल? एकतर गळ्यापर्यंत पाणी आलेलं माणूस, नाहीतर पुढचे हप्ते भरायचेच नाहीत असं ठरवून बसलेलं. हा प्रश्न आम्हा बारा जणींत एकीलाही पडला नाही, कारण सूट आमच्या पदरात पडत होती. तुमच्या भिशीत सुरुवातीचे हात भरमसाट सूट देऊन न दिसणाऱ्या माणसांकडं जात असतील, तर खूश होण्याआधी त्या माणसाचा चेहरा बघायला मागा. नुसता फोन नाही, चेहरा.

आठव्या महिन्यापासून गल्लीतल्या पाच जणींना हात मिळाले. कोणत्या पाच, ते नंतर बसून मोजलं तेव्हा अंगावर काटा आला. एकीचा नवरा पोलिसात. एकीचा दीर राजकारणात फिरणारा. बाकीच्या तिघी अशा, की भाजीवाल्याशीसुद्धा चौकात आवाज चढवून बोलतात. तोंडाळ बायकांचे पैसे वेळेवर आले आणि त्यांनीच गल्लीभर तिचं नाव केलं. मागं राहिलो त्या आम्ही, "नंतर घेऊ, घाई काय" म्हणणाऱ्या.

मी काहीच विचारलं नाही असं नाही. पाचव्या महिन्यात म्हटलं, "वहिनी, भरलेले पैसे एका कागदावर लिहून सही द्या की." वही एकच होती आणि ती तिच्याकडं असायची. ती हसली. म्हणाली, "तुझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या, तेव्हा आठ दिवस डबा आणत होते, तेव्हा मी सही मागितली होती का गं?" आणि खरंच तिनं आठ दिवस डबा आणला होता. दुसऱ्या दिवशी तिनं शेंगापोळ्या पाठवल्या, वर तुपाची वाटी. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मीच जाऊन तिची माफी मागितली. परत कागदाचं नाव काढलं नाही. भीड ही भिकेची बहीण, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. डबा त्यांच्यासाठीच यायचा, हे एक निराळंच.

पैसे रोख लागायचे. "फोनवरून पाठवलं की टॅक्सवाल्यांना दिसतं," असं ती म्हणायची आणि आम्हाला ते पटायचं. फक्त दोनदा, मी तापानं पडले होते तेव्हा, मुलानं फोनवरून पाठवले: एकदा ४,२५०, एकदा ४,५००. समोर नाव आलं ते कुणा पुरुषाचं, तिच्या घरातलंही नाही. मुलगा म्हणाला, "आई, हे कोण?" मी म्हटलं, "असेल तिचा भाऊ." तेरा महिन्यांत मी भरलेल्या ५२,७०० पैकी लेखी पुरावा म्हणावा असा तेवढाच, आणि तोही भलत्याच माणसाच्या नावाचा.

आता जे सांगायचं टाळत होते ते. नवव्या महिन्यात पिठाच्या गिरणीत मागच्या गल्लीतली एक बाई भेटली. तीही वहिनीकडंच, पण दुसऱ्या भिशीत. बोलता बोलता ती म्हणाली की त्यांच्याकडंही एका पुण्याच्या नणंदेनं तीस सोडून हात घेतला. तीच नणंद, तेच तीस हजार. माझं पीठ दळून झालं होतं, तरी मी तिथंच उभी राहिले. मग म्हटलं, "दोन्हीकडं नाव घातलं असेल," आणि डबा उचलून घरी आले. कुणाला बोलले नाही. कारण या भिशीत मी दोन माणसं आणली होती. माझी जाऊ, आणि माझ्याबरोबर भाकरी थापायला येणारी अक्का. दोघींनी मिळून एक नाव घेतलं होतं, अर्धं-अर्धं. अक्का तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाची, आधी विड्या वळायची. भिशीला ती चिटी म्हणते. तिनं वहिनीचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. पैसे माझ्या हातात द्यायची, "ताई, तुम्ही भरा." दोन माणसं आणली म्हणून वहिनीनं मला साडी दिली होती. मी ती नेसून रूपाभवानीच्या देवळात जाऊन आले होते. गिरणीत ऐकलेलं बोलले असते तर आधी मलाच सगळ्यांनी विचारलं असतं. मी गप्प बसले, आणखी चार हप्ते भरले, अक्काचेही भरले. मागच्या गल्लीतल्या त्या बाईचेही बुडाले.

कुलूप बघितल्यावर दोन दिवस आम्ही "गावाला गेली असेल" म्हणत काढले. तिसऱ्या दिवशी घरमालक आला, त्याचंही चार महिन्यांचं भाडं थकलेलं. मग आम्ही सहा जणी चौकीत गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेखी काय आहे?" व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, पण त्यावर फक्त तिलाच लिहिता यायचं, आणि तिनं लिहिलेलं सगळं मिळून सणाच्या शुभेच्छा आणि "दहा तारीख लक्षात ठेवा". अर्ज दिला. तारखा झाल्या. पुढं काही हाती लागलेलं नाही.

वकिलांकडून कळलं की भिशीला कायदा आहे, १९८२ चा चिट फंड कायदा. चालवणाऱ्यानं आधी निबंधकाकडं नोंदणी करायची, भिशीच्या रकमेइतकं तारण ठेवायचं, प्रत्येकीला लेखी करार द्यायचा, दर लिलावाची नोंद करून त्यावर सभासदांच्या सह्या घ्यायच्या. चालवणाऱ्याचं कमिशनसुद्धा ठरलेलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त सात टक्के. मी वकिलांना म्हटलं, असली भिशी आमच्या भागात मी तरी बघितली नाही. ते म्हणाले, मग तुम्ही भिशी नाही केलीत, उसने पैसे दिलेत.

सात नावं बुडाली. तीन लाख अडुसष्ट हजार नऊशे. भांडणं झाली ती मात्र तिच्याशी नाही, ती होतीच कुठं. ज्या पाच जणींनी हात घेतले होते त्यांचे अजून सात-सात हप्ते राहिले होते. आम्ही म्हटलं, ते आम्हाला द्या, तुम्हाला मिळालेल्या पैशांत आमचे आहेत. चौघी म्हणाल्या, "आमचा व्यवहार तिच्याशी." त्यांतली एक तर माझ्या मुलीच्या लग्नात करवली होती. आजही पाण्याच्या दिवशी आम्ही शेजारी-शेजारी बादल्या लावतो आणि बोलत नाही.

पाचवी किराणा दुकानवाली. तिचा आवाज सगळ्यांत मोठा, सुट्ट्या पैशांवरून पोरांना रडवणारी. तिनं मात्र सातही नावांच्या चिठ्ठ्या केल्या, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवल्या आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दर दहा तारखेला एक चिठ्ठी काढून त्या नावाला पाच हजार दिले. सही घेऊन. तिला कुणी विचारलं तर खेकसायची, "मला तुमचे पैसे पचत नाहीत, दुसरं काय." माझी चिठ्ठी चौथी निघाली. जावेचं आणि अक्काचं नाव शेवटी, दोघींना अडीच-अडीच हजार.

जाऊ अजून प्रत्येक सणाला टोमणा मारते, तो मी ऐकून घेते. साडी भांडेवालीला दिली, तिनं त्यावर एक पिठाची चाळण दिली. वहिनीकडून वसूल झालं ते एवढंच, असं यजमान म्हणतात. मी आता पोस्टात आरडी काढली आहे. शंभर रुपयांपासून भरता येतात आणि पासबुक माझ्याकडं राहतं. नवरा मागेल तेव्हा "मुदत व्हायची आहे" म्हणायचं.

अक्कानं मला एका शब्दानं विचारलं नाही. तीन-चार दिवस खाली मान घालून भाकरी थापत होती, बस्स. तिचे २३,८५० राहिले होते. किराणावालीचे हप्ते संपल्यावर, ऑक्टोबरपासून, मी दर महिन्याला तिच्या मजुरीशिवाय हजार रुपये वेगळे काढायला लागले. पहिल्यांदा दिले तेव्हा तिनं हात मागं घेतला. मी ते तिच्या पिशवीत कोंबले. दुसऱ्या महिन्यात ती नातवाची जुनी वही घेऊन आली, मागची कोरी पानं उघडली आणि माझ्यापुढं ठेवली. "लिहा ताई. तारीख लिहा, किती दिले लिहा. तुमची सही करा." मी केली. मग तिनं माझ्या हातातलं पेन घेऊन खाली तेलुगूत आपली सही केली.

अठरा सह्या झाल्या. सहा राहिल्या आहेत, शेवटची साडेआठशेची.