सॅन फ्रान्सिस्को सिटी हॉलमधलं लग्न, आमचा अनुभव

मुलाचं आणि त्याच्या जोडीदाराचं, म्हणजे दोन मुलग्यांचं, लग्न इथेच लावलं. लायसन्स आधी काढावं लागतं, मग वेळ बुक करायची, सोबत ६ च माणसं चालतात, त्यामुळे कोणाला न्यायचं यावर घरी बरीच खलबतं झाली आणि माझी जाऊ शेवटी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बसली. विधी काही मिनिटांचाच, मोठ्या जिन्याच्या वर घुमटाखाली. मी पर्समधून मुंडावळ्या काढल्या तर तिथल्या बाई म्हणाल्या, सावकाश बांधा. दोघांच्या कपाळावर बांधताना हात थरथरत होते माझे. ह्यांनी दोन वर्षं मुलाशी बोलणं टाकलेलं, तेच साक्षीदाराची सही करायला पुढे झाले!

तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या निकालापासून अख्ख्या अमेरिकेत असं समलिंगी लग्न कायदेशीर आहे, म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा हॉस्पिटलात हक्काने नवरा म्हणून उभा राहणार, आईला अजून काय हवं. भारतात सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला मान्यता दिली नाही, घरी आले की कागदोपत्री दोघं एकमेकांचे कोणीच नाहीत, हे फार लागतं.

जाणार असाल तर सकाळची वेळ घ्या, फोटो छान येतात.