घरच्या कॉम्प्युटरवर नऊ महिने रेकॉर्डिंग: माईक चुकला, बाकीचं जमत गेलं

नऊ महिन्यांपूर्वी लॅपटॉपला दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक-गिटारचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत नेणारी पेटी) जोडला, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माईक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणले. त्याआधी जे काही सुचायचं ते फोनवर गुणगुणून ठेवायचो. या काळात अकरा गाणी सुरू केली, त्यातली चार पुरी झाली. गिटार आणि गळा एवढंच भांडवल. ड्रम आणि बास मिडीवर, म्हणजे ठोके-सूर मी मांडायचे, वाजवायचे कॉम्प्युटरने.

सॉफ्टवेअरचं आधी सांगतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात, आणि माझ्या मते त्याचंच महत्त्व सगळ्यात कमी. गाणी ऐकायचं विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनेच रीपर सुरू केलं हे कळल्यावर उगाच जवळीक वाटली, म्हणून ते निवडलं. साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, नंतर परवाना घ्यायचा. डाउनलोड छोटं, जुन्या लॅपटॉपवरही झटकन उघडतं. ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर, डिले वगैरे प्लगइन, म्हणजे आवाज घडवणारे जोड-प्रोग्रॅम, सोबत येतात आणि दिसायला रुक्ष असले तरी कामाला चोख आहेत. तयार वाद्यांचा साठा मात्र जवळजवळ नाही. ड्रमचे आवाज वेगळे मिळवावे लागले. मेनू इतके की पहिला आठवडा शोधाशोधीतच गेला.

पहिल्या संध्याकाळी माईकसमोर गायला लागलो आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून धावत आला. आपोआप गाण्याची लय पडत गेली, कारण मी त्या मागच्या आवाजाची वाट बघत होतो! कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, तेही एका बाजूचे, जाऊन-येऊन दुप्पट. आधी विंडोजचाच साधा ड्रायव्हर वापरत होतो, तो बदलून इंटरफेसचा आसिओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर टाकला आणि बफर १२८ वर आणला, म्हणजे एका बाजूचे तीन मिलिसेकंदही नाहीत. मग प्लगइन वाढले की कडकड सुरू. आता गाताना १२८, मिक्स करताना १०२४, असं चालतं. खरं तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण पहिल्याच दिवशी दाबायला हवं होतं. त्याने माईकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. फक्त तेव्हा रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायचं, नाहीतर स्वतःला दोनदा ऐकू येतं.

आता माईक. इथे मी सपशेल चुकलो.

‘स्टुडिओत कंडेन्सर वापरतात’ एवढ्या ज्ञानावर कंडेन्सर घेतला. कंडेन्सरला वीज पुरवणारं इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलं, गायलो, ऐकलं. वा, काय स्वच्छ आवाज! मग आवाजावर कॉम्प्रेसर लावला. कॉम्प्रेसर मोठ्या जागा दाबतो, आणि मग सगळी पातळी वर उचलली की बारीक जागाही वर येतात. त्या बारीक जागांमध्ये लॅपटॉपचा पंखा होता, फ्रिजची घुरघुर होती आणि पलीकडच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती. ते घड्याळ इतकी वर्षं तिथे आहे, मला कधी ऐकू आलं नव्हतं. टिकटिक अर्थातच गाण्याच्या लयीत नव्हती.

आवाज बंद करता येतात. घड्याळ काढून ठेवलं, फ्रिजही तासभर बंद. खोलीचं काय करणार? मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली की उघड्या भिंतींमधून तिचा झणझण नाद ऐकू येतो, तोच प्रत्येक ओळीच्या शेवटी चिकटलेला. हौसेने माईकच्या मागच्या भिंतीवर फोमचे चौकोन चिकटवले. उपयोग जवळपास शून्य, आणि कारण कळल्यावर स्वतःवरच हसलो. असे माईक बहुतेक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं कमी ऐकतात. माईकच्या समोर कोण? मी, आणि माझ्या मागची भिंत. म्हणजे जाड काहीतरी माझ्या पाठीमागे हवं होतं. फोम पातळ असेल तर तो फक्त वरच्या पट्टीचा आवाज शोषतो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर, तिला दोन बोटं जाडीचा फोम काय अडवणार? आता पाठीमागे दोन रजया दोरीवर टाकतो आणि कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे पाठ करून गातो.

तरी खरा फरक पडला तो एका मित्राचा डायनॅमिक (कमी संवेदनशील) माईक महिनाभर वापरला तेव्हा. शुअरचा एसएम५८, १९६६ पासून मंचावर दिसणारा तोच जाळीच्या गोळ्याचा. याचा सिग्नल क्षीण, इंटरफेसचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) बराच चढवावा लागतो आणि तेवढी बारीक सरसर येते. पण तोंड चार बोटांवर ठेवून गायलं की गळा पुढे येतो आणि खोली मागे पडते. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. जवळून गायल्याने खर्ज फुगतो, तो ईक्यूवर खालून थोडा कापायचा. माझी पुरी झालेली चारपैकी तीन गाणी याच माईकवरची आहेत. मग तसाच एक स्वतःचा घेतला. कंडेन्सर हल्ली फक्त गिटारला, तेही रात्री उशिरा.

गेनबद्दलही एक सवय मोडावी लागली. मीटर लाल व्हायच्या काठावर ठेवला की आवाज दमदार येतो, ही समजूत. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर कागदोपत्री १४४ डेसिबलचा पल्ला हाताशी असतो. उणे १२ डेसिबलच्या आसपास शेंडे ठेवले तरी काहीच बिघडत नाही. शून्याच्या वर गेलेला शेंडा मात्र सपाट कापला जातो. एका सुंदर तानेचं असं झालं, आणि ती तशी परत आलीच नाही.

सगळ्यात विचित्र प्रकार पाचव्या महिन्यातला. रात्री सहावं गाणं छान झालं म्हणून झोपलो. सकाळी लावलं तर गाणारा मी नव्हेच, कुणीतरी जड, झोपाळू माणूस. ३ मिनिटं ४० सेकंदांचं गाणं जवळजवळ ४ मिनिटांचं झालेलं, सूर साधारण दीड अर्धस्वर खाली. रात्री इंटरफेस प्रत्यक्षात ४८,००० वर चालत होता आणि ड्रायव्हर रीपरला ४४,१०० सांगत होता. दोन्हीकडे एकच खोटं असल्याने रात्री सगळं बरोबर वाजलं. सकाळी मशीन पुन्हा सुरू केल्यावर ड्रायव्हर शुद्धीवर आला. प्रत्येक तुकड्याचा वेग १.०८८४ केला, ‘सूर कायम ठेवा’ची खूण काढली, गाणं जागेवर आलं. तेव्हापासून बसल्या बसल्या ड्रायव्हर आणि रीपर, दोन्हींच्या खिडक्यांतले सॅम्पल रेटचे आकडे आधी जुळवून बघतो. या इंटरफेसला म्हणूनच पूर्ण गुण देणार नाही. आवाज चांगला, ड्रायव्हर लहरी.

मिडी ड्रमचं थोडक्यात: प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ असा जोर देता येतो, आणि सगळे १०० वर ठेवले की ठेका टाइपरायटरसारखा वाजतो. चार-पाच आकडे इकडेतिकडे केले की जीव येतो.

न झालेली सात गाणी बहुतेक टेकमुळे, म्हणजे एकच भाग पुन्हा पुन्हा गाऊन रेकॉर्ड केल्यामुळे, अडलीत. एका अंतऱ्याचे तेवीस टेक आहेत, प्रत्येकातली एक ओळ चांगली. ते जोडून एक केला, तर श्वासच नसलेला गायक तयार झाला. आता नियम केलाय: तीन टेक, चौथा दुसऱ्या दिवशी.

पुऱ्या झालेल्या तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात लॅपटॉपचा पंखा अजून ऐकू येतो. रीपरमधल्या रीफिर या प्लगइनला त्या पंख्याचा नमुना देऊन तो वजा करून पाहिला. पंखा गेला, पण गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटायला लागलं. पंखा परत आणला.