जेमवर सरकारी ऑफिसांना माल विकून ११ महिने झाले, माझा अनुभव

जेम म्हणजे सरकारचं खरेदीचं पोर्टल, २०१६ ला सुरू झालेलं, त्यावर मी ११ महिन्यांपूर्वी सेलर म्हणून रजिस्टर झालो. दुकान तालुक्याच्या गावी, प्रिंटर, यूपीएस, टोनर आणि दुरुस्ती असा धंदा. आतापर्यंत १९ बिडं म्हणजे टेंडरं भरली, ५ ऑर्डरी मिळाल्या, त्यातल्या एकीत खिशातून पैसे गेले. लिहायला बसलो कारण नवीन पोरं फोन करून विचारतात की दादा रेट किती टाकू, आणि अटी काय आहेत हे कुणीच विचारत नाही. माझं जे काय नुकसान झालं ते सगळं अटी न वाचल्यामुळं झालंय, रेटमुळं एकदाही नाही.

आधी हे समजून घ्या की बिडमध्ये अटींचे तीन थर असतात. जेमच्या सर्वसाधारण अटी म्हणजे जीटीसी, त्यावर त्या वस्तूच्या किंवा सेवेच्या अटी म्हणजे एसटीसी, आणि त्यावर खरेदी करणाऱ्या ऑफिसनं स्वतः घातलेल्या जादा अटी म्हणजे एटीसी. अटी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर वरचा थर चालतो, म्हणजे एटीसी सगळ्यात भारी. आणि ती असते डॉक्युमेंटच्या पार शेवटी, हिंदी-इंग्रजीची पानं संपता संपता, तोवर माणूस कंटाळून रेट टाकून मोकळा झालेला असतो.

माझं पहिलं मोठं बिड ९ लाखांच्या आसपासचं होतं, डेस्कटॉपचं. आपल्याकडं उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट आहे म्हटल्यावर ईएमडी म्हणजे बिडसोबतची अनामत रक्कम माफ असणार असं धरून मी एमएसईची म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सूट टिक केली आणि १८ हजारांची ईएमडी भरलीच नाही. टेक्निकलमध्येच, म्हणजे रेट बघायच्या आधीच्या तपासणीत, बाहेर! कारण विचारलं तर कळलं की ती सूट जो स्वतः माल बनवतो किंवा स्वतः सेवा देतो त्याला आहे, दुसऱ्याचा माल विकणाऱ्या ट्रेडरला नाही. २०२१ पासून ट्रेडरला उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. ४५ दिवसांत पेमेंट, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, सरकारी खरेदीत एमएसईसाठी २५ टक्के, हे जे आपण सगळीकडं ऐकतो त्यातलं ट्रेडरला काही लागू नाही. हे कुणीतरी रजिस्ट्रेशनच्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या भागातले निम्मे सेलर माझ्यासारखे दुकानदारच आहेत.

आता ती तोट्याची ऑर्डर. २२ प्रिंटर, १४,५०० चा रेट, नगामागं ७०० सुटत होते म्हणजे एकूण १५,४००. खूष होतो. कन्साइनीचा म्हणजे माल ताब्यात घेणाऱ्यांचा तक्ता उघडला तो ऑर्डर आल्यावर, आणि बघतो तर ११ तालुक्यांत प्रत्येकी दोन प्रिंटर, वर एटीसीत प्रत्येक ठिकाणी इन्स्टॉलेशन आणि डेमो. गाडी, डिझेल, पोराचा भत्ता धरून १७,६०० गेले. शेवटच्या दोन ठिकाणी ९ दिवस उशीर झाला, दंड आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला अर्धा टक्का असतो, कमाल १० टक्के, म्हणजे ९ दिवसांचे दोन आठवडे धरून एक टक्का, पूर्ण बिलावर ३,१९० कापले. सगळा हिशोब करून ५,३९० रुपये माझेच गेले.

पेमेंटचं म्हणाल तर कागदावर नियम चांगला आहे, माल पोचला की ४८ तासांत तात्पुरती पावती म्हणजे पीआरसी, मग १० दिवसांत माल पास झाल्याचं सर्टिफिकेट, ज्याला सगळे क्रॅक म्हणतात, आणि क्रॅकनंतर १० दिवसांत पैसे. पण हे सगळं कन्साइनीनं लॉगिन करून करायचं असतं. एका ऑफिसात क्लार्क मॅडमनी चलनावर सही केली, गोल शिक्का मारला, मी समाधानानं घरी आलो, आणि ज्यांचं लॉगिन ते साहेब महिनाभर रजेवर. शिक्क्याला पोर्टलवर किंमत नाही हो. आता मी माल उतरवला की तिथंच खुर्चीत बसून राहतो, साहेबांना विनंती करतो की पीआरसी आत्ताच काढा, आणि बहुतेक जण काढतात.

चांगलं पण सांगतो. १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरला जेमचा ट्रान्झॅक्शन चार्ज शून्य आहे आणि ५० हजारांपर्यंतची खरेदी ऑफिस बिड न काढता थेट करू शकतं, त्यामुळं टोनरच्या छोट्या ऑर्डरी मला अशाच आल्या. आणि सगळ्यात भारी चीज म्हणजे रिप्रेझेंटेशन, बिडच्या अटींवर हरकत घेण्याची सोय. एका बिडला एटीसीत लिहिलं होतं की आमच्याच खात्यात काम केल्याचा अनुभव पाहिजे. ठराविक संस्थेचाच अनुभव मागणं, सॅम्पल मागणं, ब्रँडचं नाव घालणं, टेंडर फी मागणं असल्या अटी रद्दबातल धरल्या जातात असं बिडच्याच तळाला छापलेलं असतं. बिड निघाल्यापासून ४ दिवसांत हरकत घ्यायची असते, मी तिसऱ्या दिवशी रात्री चार ओळी लिहिल्या, आणि खरंच शुद्धिपत्रक निघालं, अट गेली. ते बिड मला मिळालं नाही, पण त्या रात्री वाटलं की गावातल्या दुकानदाराचं पण ऐकतात.

सध्या मी मालाची बिडं कमी केलीत आणि प्रिंटर-यूपीएसच्या एएमसीवर म्हणजे देखभालीच्या करारांवर जोर दिलाय, कारण तिथं सेवा मी स्वतः देतो म्हणून एमएसईची सूट खरोखर लागू होते, ईएमडी अडकत नाही. परवाच एक नवीन भरलं, ३ वर्षांचं. पण आधी एटीसीची प्रिंट काढली, पेननं खुणा केल्या, कन्साइनी मोजले. चारच निघाले, सगळे एका रस्त्यावर, मग रेट टाकला.