खिशातला ब्रेथ अ‍ॅनालायझर: घ्यावा, पण कशासाठी?

श्वासातली दारू मोजणाऱ्या या यंत्रात फ्यूल सेल सेन्सर (मुख्यतः अल्कोहोललाच प्रतिसाद देणारा) असेल तरच पैसे घाला. स्वस्तातला सेमीकंडक्टर सेन्सर श्वासातल्या अ‍ॅसिटोनलाही (शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारं रसायन) भुलतो. मधुमेहात किंवा कडक उपासात न पिताही आकडा चढू शकतो.

शेवटच्या घोटानंतर किमान 15 मिनिटं थांबा, तोंडात काही घालू नका, मग बीप थांबेपर्यंत एका दमात फुंका. अर्धवट फुंकलं तर फुफ्फुसातली खोलवरची हवा सेन्सरपर्यंत पोचत नाही आणि आकडा कमी येतो. एककही बघा: श्वासाच्या लिटरमागे 0.25 मिलिग्रॅम म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात साधारण 50 मिलिग्रॅम. गफलत इथेच होते. कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येईल असं यंत्र जुळवून घेणं, 6 ते 12 महिन्यांनी करावंच लागतं.

आता मुख्य मुद्दा. अनेक देशांत नशेत गाडी चालवण्याचे गुन्हे दोन तऱ्हेचे असतात. पहिला दारूच्या पातळीची कायदेशीर मर्यादा ओलांडल्याचा: तिथे आकडा हाच पुरावा, गाडी कितीही सरळ चालवलेली असो. दुसरा गाडीवर ताबा ठेवण्याची क्षमता गेल्याचा: तो आकडा मर्यादेखाली असूनही लागू शकतो, आणि त्यात गुंगीची औषधंही येतात. या दुसऱ्याबद्दल मशीन काहीच सांगत नाही. शिवाय पिणं थांबल्यावरही तासभर रक्तातल्या दारूची पातळी चढत राहू शकते. स्वतःच्या मशीनचा आकडा दाखवून पोलिसांना तपासणीसाठी श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना नाकारू नका. तो नकार अनेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे.

रात्रीची दारू सकाळी उतरली का, हे तपासायला मात्र हे यंत्र खरंच कामाचं.