दिवाळखोरी की सेटलमेंट?

खानापूरच्या आमच्या दाजींचं क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन मिळून 6 लाख थकलंय, वसुलीवाल्यांचा फोन वाजला की मोबाईल तांदळाच्या डब्यात, आणि आता म्हणतात दिवाळखोरी काढून मोकळा होतो. मोकळं कसलं हो! 2016 चा नवा दिवाळखोरी कायदा साध्या कर्जदाराला अजून लागू नाही, आपल्याकडं 1920 चाच चालतो, म्हणजे बेळगावला कोर्टात अर्ज, वकील, तारखा, प्लॉट असेल तर तो रिसीव्हरच्या (कोर्टानं मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात, आणि कोर्टाकडून सुटका होईपर्यंत पंचायतीची निवडणूक लढवणं पण विसरायचं. सेटलमेंटनं, म्हणजे बँकेशी कमी रकमेवर तडजोड केली तर, सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) 'सेटल्ड' शिक्का बसतो खरा, पण ती लोक अदालतीत केली तर कोर्ट फी नाही आणि निवाडा फायनल. थोडी रक्कम जमत असेल तर मी सेटलमेंटच म्हणेन, फक्त पैसे भरायच्या आधी बँकेचं लेखी पत्र घ्या. पगार नाही, जमीन नाही, तरच कोर्ट.